पर्सचे दात बघून घ्या

तारीख 10 जुलै 2025, गाव पॅरिस. सदबीजच्या लिलावात एक काळी पर्स आली. कातड्यावर ओरखडे, कधीकाळी चिकटवलेल्या स्टिकरांचे वण आणि लटकवलेलं नखं कापायचं यंत्र. बोली थांबली तेव्हा दलालीसकट आकडा झाला होता सुमारे 86 लाख युरो. रुपयांत सांगायचं तर 85 कोटींच्या घरात. एका वापरलेल्या पर्सला!

नांदेडला वजिराबादेत किंवा लातूरला गंजगोलाईत ‘वापरलेली आहे’ असं म्हणून बघा, गिऱ्हाईक आधी निम्म्यावर येतं आणि मग बोलायला लागतं. पण नामांकित कंपन्यांच्या जुन्या पर्सचा बाजार जगभर जोरात आहे आणि मोबाइलनं तो आपल्या उंबऱ्यापर्यंत आणून ठेवला आहे. दुबईच्या आत्यानं आणलेली, अमेरिकेतल्या बहिणीनं ‘मी आता वापरत नाही, तू घे’ म्हणून दिलेली एखादी भारी पर्स पुष्कळ घरांत कपाटात पडून असते. ती विकावी कशी, दुसऱ्याची घ्यावी कशी, आणि मराठवाड्याच्या स्वतःच्या पिशव्यांचा या बाजारात काय भाव, त्याच्या या गोष्टी. गमतीच्या आहेत आणि कामाच्याही.

विमानात सांडलेलं सामान

त्या 85 कोटींच्या पर्सची मालकीण होती जेन बर्किन, गायिका आणि अभिनेत्री. 1984 मध्ये पॅरिसहून लंडनला जाताना तिच्या हातातल्या सामानातून वस्तू खाली सांडल्या. शेजारी बसले होते ‘एर्मेस’ कंपनीचे प्रमुख जाँ-लुई द्युमा. तान्ह्या लेकराच्या आईला पुरेल अशी पर्सच मिळत नाही, ही तिची तक्रार. विमानातल्या उलटीच्या कागदी पिशवीवर दोघांनी आराखडा काढला, असं ती पुढं सांगत असे. नमुन्याची पहिली पर्स 1985 मध्ये तिच्या हातात आली आणि तिचंच आडनाव त्या पर्सला मिळालं.

तिनं ती जपून कपाटात ठेवली नाही, रोज वापरली. ज्या संस्थांचं काम आवडायचं त्यांचे स्टिकर तिच्यावर डकवले. 1994 मध्ये एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी ती देऊन टाकली. त्या पहिल्या पर्सचा खांद्याचा पट्टा काढता येत नाही आणि झडपेवर ‘जे. बी.’ ही अक्षरं आहेत. पुढच्या बर्किनमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. लिलावातला याआधीचा पर्सचा विक्रम सुमारे 5 लाख 13 हजार डॉलरचा होता, तोही एर्मेसच्याच ‘केली’ पर्सचा. पहिल्या बर्किननं तो जवळजवळ वीसपटीनं मोडला. कारागिरी तीच. फरक पडला तो तिच्या माहितीनं. ही पर्स कुणासाठी बनली, कुणी वापरली, कधी विकली, कुणाकडे गेली, सगळं ठाऊक होतं.

आदत की जुळलेला?

लातूर जिल्ह्यात हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. तिथं गिऱ्हाईक बैलाच्या रंगावर जात नाही. आधी जबडा उघडतं. गायबैलाला वरचे पुढचे दात नसतातच. खालचे आठ मोजायचे. दुधाचे दात असतील तर आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि आठही आले की जुळला. शिंगं साळून, तेल लावून बैल कितीही तरणा दाखवा, दात खरं वय सांगतात. देवणी आणि लाल कंधारी या दोन्ही नामांकित जाती याच भागातल्या, त्यामुळे ही नजर इथं पिढ्यान् पिढ्या तयार झालेली आहे. जुनी पर्स घेताना हीच नजर लागते. फक्त दात आतल्या बाजूला, अस्तराजवळ किंवा पट्ट्यामागे असतात.

एर्मेसच्या पर्सवर वर्षाचं अक्षर ठोकलेलं असतं. 1945 ते 1970 नुसतं अक्षर, 1971 ते 1996 गोलातलं, 1997 ते 2014 चौकोनातलं. गोलातलं ‘ए’ म्हणजे 1971 आणि गोलातलं ‘एन’ म्हणजे 1984. आता हिशेब करा. कुणी गोलातलं ‘के’ असलेली बर्किन विकायला काढली, तर ते वर्ष येतं 1981. बर्किन जन्माला यायच्या आधीचं! तिथंच सौदा मोडायचा.

लुई व्हिताँचा मामला आणखी गमतीचा. 1990 ते 2006 या काळातल्या त्यांच्या पर्समध्ये साधारणपणे दोन अक्षरं आणि चार आकडे सापडतात. पहिला आणि तिसरा आकडा मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. आत ‘0094’ असेल तर 09 आणि 04, म्हणजे सप्टेंबर 2004. पुढं 2007 पासून महिन्याऐवजी आठवडा आला आणि 2021 पासून ही पद्धत जाऊन आत चिप बसू लागली. शनेलनंही 1980 च्या दशकाच्या मध्यापासून चालवलेले क्रमांकाचे स्टिकर 2021 मध्ये बंद केले आणि चिप आणली. म्हणून ‘2005 ची आहे, आत चिप आहे’ असं कुणी म्हणालं तर हात जोडावेत.

एक इशारा मात्र देते. नुसता क्रमांक बघून पर्स खरी मानू नका. नकली माल बनवणारे क्रमांकही ठोकतात. क्रमांक पर्सच्या प्रकाराशी जुळतो का, वर्षाशी जुळतो का, टाके, कातडं आणि कड्या त्या काळाला शोभतात का, हे सगळं एकत्र बघावं लागतं. शनेलच्या कडीवर दोन ‘सी’ एकमेकांत अडकलेले असतात. समोरून बघताना वरच्या बाजूला उजवा ‘सी’ डाव्याच्या अंगावरून जातो आणि खाली डावा उजव्याच्या अंगावरून. नकलेत हे पुष्कळदा उलटं होतं. शनेलच्या 2008 च्या सुमारापर्यंतच्या पर्सच्या कड्यांवर खऱ्या सोन्याचा मुलामा असायचा, त्यामुळे जुन्या कडीचा पिवळेपणा वेगळा दिसतो.

उलटं चिन्ह बघून घाबरू नका

व्हिताँच्या जुन्या ‘स्पीडी’ पर्सच्या एका बाजूला ‘एलव्ही’ ही अक्षरं चक्क उलटी दिसतात. अनेकजणी हे बघून पर्स नकली समजतात आणि चांगला सौदा सोडतात. कारण साधं आहे: कापडाचा एकच अखंड तुकडा बुडाखालून घेऊन दोन्ही बाजूंना चढवलेला असतो, बुडाला जोड नाही. एका बाजूला अक्षरं सुलटी पडली की दुसऱ्या बाजूला उलटी पडणारच. इथं उलटेपणा ही खोटेपणाची खूण नव्हे.

हे अक्षराफुलांचं प्रसिद्ध कापड 1896 मध्ये आलं ते कशासाठी, तर नकला थांबवण्यासाठी! लुई व्हिताँ यांचा मुलगा जॉर्ज यानं वडिलांची आद्याक्षरं गुंफून नक्षी केली, म्हणजे कुणाला सहजी उचलता येऊ नये. आज जगात सर्वाधिक नकला होणाऱ्या नक्षींत तिची गणना होते.

नकलेला आपल्याकडे ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून सरळ विकलं जातं, पण 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्याप्रमाणे खोट्या छापाचा माल विकणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. फ्रान्समध्ये तर नकली वस्तू जवळ बाळगणंही अंगाशी येतं, तेव्हा पॅरिसला मुलाकडे जाताना फर्स्ट कॉपी घरीच ठेवावी.

गायकवाडांचा चहा, शॅम्पेनच्या बाटल्या आणि बांबू

या परदेशी पेट्यांशी मराठी माणसाचं नातं शंभर वर्षांचं आहे. बडोद्याच्या गायकवाड महाराजांसाठी व्हिताँच्या कारखान्यानं 1926 मध्ये चहाच्या सामानाची खास पेटी बनवली होती. किटलीपासून कपांपर्यंत प्रत्येकाला आपापला कप्पा. गादीवर तेव्हा सयाजीराव होते, मूळ नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. मराठी घराण्याची ही मागणी आज व्हिताँच्या इतिहासाचा भाग झाली आहे.

नामांकित पर्सच्या जन्मकथा अशाच गरजेतून निघालेल्या असतात. व्हिताँची ‘नोए’ 1932 ची. एका शॅम्पेनवाल्याला पाच बाटल्या नेता येतील अशी पिशवी हवी होती: चार उभ्या, मधली उलटी. एर्मेसची सुरुवात 1837 मध्ये घोड्यांचं सामान करणाऱ्या कारखान्यापासून झाली. खोगीर आणि बूट ठेवायच्या उंच पिशवीपासून त्यांची पर्सची परंपरा निघाली. आजही त्यांचा टाका खोगिराचाच आहे, मेण लावलेला एक धागा आणि दोन्ही टोकांना दोन सुया. मध्ये एक टाका तुटला तरी शिवण उसवत नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचं सामान घेऊन बसणाऱ्यांना या शिवणीचं मोल सांगायची गरज नाही.

गुच्चीच्या पर्सला बांबूची मूठ का? दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत मालाचा तुटवडा होता. 1947 मध्ये कारागिरांनी बांबू तापवून वाकवला आणि मूठ केली. शनेलची ‘2.55’ म्हणजे फेब्रुवारी 1955. खांद्यावर साखळी आली आणि बाईचे दोन्ही हात मोकळे झाले. प्रादानं 1984 मध्ये चामडं सोडून चक्क कारखान्यात वापरायचं नायलॉन घेतलं आणि तेही खपलं.

तांड्यावरची पर्स

आता मुद्द्याची गोष्ट. नऊवारीला खिसा नसतो. पैसे कनवटीला किंवा पदराच्या गाठीत, पान-सुपारी चंचीत, औषधं बटव्यात. चंची तर नीट बघण्यासारखी वस्तू होती: घडी घातली की मुठीएवढी, उलगडली की पानाला, चुन्याला, सुपारीला आपापला कप्पा. पण सगळ्यात देखण्या पिशव्या होत्या बंजारा तांड्यांवर. किनवट, माहूर, मुखेड, कंधार, तिकडं अहमदपूर, जळकोट, रेणापूर, या सगळ्या टापूत तांडे आहेत.

बंजाऱ्यांचा मूळ व्यवसाय लदेणीचा. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख ओलांडायचा. आगगाडी आणि पक्के रस्ते आले तसा हा धंदा बुडाला आणि इंग्रजांनी 1871 च्या कायद्याचा आधार घेऊन अनेक ठिकाणी या कष्टाळू समाजाला गुन्हेगार ठरवलं. सगळं बिऱ्हाड पाठीवर असलेल्या माणसांना पिशवी ही चैन नव्हती, तेच त्यांचं कपाट होतं. सुपारीची वेगळी, लग्नातल्या देण्याघेण्याची वेगळी, बैलाच्या पाठीवरची वेगळी. दोन-तीन थर कापडाचे, त्यावर दाट धावदोरा, साखळी टाका, फुली टाका, कडेला कवड्या, लोकरीचे गोंडे, आरसे, शिशाचे किंवा जस्ताचे तुकडे आणि जुनी नाणी. फेटिया (घागरा), कांचळी (चोळी) आणि छांटिया (ओढणी) यांवर जी नक्षी, तिचीच बहीण पिशवीवर. टाके इतके जवळ की कापड गोधडीसारखं टणक होतं आणि पन्नास वर्षं वापरूनही आकार सोडत नाही.

कवडीकडे नीट लक्ष द्या. ती मालदीवच्या समुद्रातून यायची आणि एकेकाळी हिंदुस्थानात पैसा म्हणून चालायची. म्हणजे या पिशवीला पैसा आतही आणि बाहेरही. नाण्यांनी तर वय ठरवायला मदत होते. आपला भाग निजामाच्या राज्यात होता. त्या काळचं हाली नाणं शिवलेलं असेल तर त्यावर साल असतं. नाणं पिशवीपेक्षा जुनं असू शकतं, पण ते नंतर शिवलेलं नसेल तर पिशवी त्या नाण्याच्या सालाच्या आधीची असू शकत नाही. ज्यांना उर्दू वाचता येतं अशा शेजारच्या चाचांना दाखवा, ते हिजरी साल वाचून देतील.

जगाला याची किंमत केव्हाच कळली आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बंजारा भरतकाम जपून ठेवलेलं आहे. शार्लट क्वॉन आणि टिम मॅकलॉफ्लिन यांनी बंजारा वस्त्रांवर लिहिलेलं देखणं पुस्तक 2016 मध्ये निघालं. गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात लमाण किंवा लंबाणी म्हणवल्या जाणाऱ्या बंजारा बायका वर्षानुवर्षं परदेशी पाहुण्यांना भरतकामाच्या पिशव्या विकत आल्या आहेत. कर्नाटकातल्या संडूरच्या, म्हणजे एकेकाळच्या घोरपड्यांच्या संस्थानातल्या, लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. 2023 मध्ये हंपीला जी-20 च्या बैठकीच्या वेळी लंबाणी भरतकामाच्या 1,755 वस्तू एकत्र मांडून गिनीज विक्रम झाला.

मग तांड्यावरच्या आजीच्या हातात काय पडतं? फेरीवाला दारावर येतो, जुना फेटिया, जुनी पिशवी थोडक्या पैशांत किंवा स्टीलच्या भांड्यावर घेऊन जातो. पुढं तिचे तुकडे होतात. कुणाची उशी, कुणाचा पट्टा, कुणाची ‘व्हिंटेज बोहो बॅग’. एर्मेसच्या पर्समध्ये ती शिवणाऱ्या कारागिराची खूण ठोकलेली असते, त्यामुळे कुणाचा हात लागला हे कंपनीला सांगता येतं. आमच्या तांड्यावरच्या पिशवीवर शिवणारीचं नाव नाही, गाव नाही, साल नाही. कौशल्यात ती बाई पॅरिसच्या कारागिरापेक्षा तसूभरही कमी नाही. कमी आहे ती फक्त नोंद, आणि त्या एका कमतरतेपायी तिच्या वस्तूचा भाव पडतो. मला हे मनापासून सलतं, कारण हे दुरुस्त करायला फार काही लागत नाही.

पैठणी वितळली ती चांदीसाठी

हेच पैठणीचं झालं. जुन्या पैठणीची जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. जुनी जर घेणारे दारोदार फिरायचे, पदर-काठ वजनावर घ्यायचे आणि वितळवून चांदी काढायचे. विणकराची महिनोन् महिन्यांची मेहनत तोळ्यांत मोजली गेली. आता उलटा वारा आहे. फाटक्या पैठणीच्या पदराचे बटवे, क्लच आणि झोळ्या शिवून मिळतात आणि चांगल्या विकल्या जातात. माझं मत स्पष्ट आहे: अंग विरलेलं असेल आणि पदर शाबूत असेल तरच कात्री लावा. धड पैठणी फाडून पर्स करू नये. धड पैठणीला धड भाव मिळतो. जर खरी की नुसती तांब्याची, हे मात्र ओळखीच्या सराफाला आधी दाखवून घ्या.

इथल्याच नावाच्या पर्स

विंटेज म्हणजे पॅरिसचंच असायला हवं असं कुठं आहे? पुद्दुचेरीच्या ‘हायडिझाइन’ची सुरुवात 1978 ची. झाडांच्या सालींनी कमावलेलं चामडं आणि पितळी कड्या ही तिची ओळख. वीस वर्षं जुनी हायडिझाइन चांगल्या अवस्थेत मिळाली तर नव्या साध्या पर्सपेक्षा ती घ्यावी, असं मी कुणालाही सांगेन. मुंबईत निना लेखी यांनी ‘बॅगिट’ सुरू केली आणि चामड्याला हात न लावता नाव कमावलं. धारावीच्या चर्मकारांबरोबर काम करणाऱ्या सुधीर राजभर यांच्या ‘चमार स्टुडिओ’च्या पर्स आजच गोळा करून ठेवण्यासारख्या आहेत. 2015 नंतर चामडं मिळेनासं झालं तेव्हा या कारागिरांनी टाकाऊ रबर वापरलं आणि ज्या शब्दानं हिणवलं गेलं तोच शब्द अभिमानानं छापला.

आणि प्रादा? जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर त्यांनी कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या आणि नाव घेतलं नाही. कोल्हापुरीला 2019 पासून महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रानं आवाज उठवला, कंपनीनं मूळ मान्य केलं आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून 2,000 जोड बनवून घ्यायचं ठरवलं, एका जोडाला सुमारे 800 युरो. हे घडलं कारण कोल्हापुरीच्या नावाची सरकारदरबारी नोंद होती.

घोडा, हेलिकॉप्टर आणि हँडबॅग एकाच यादीत

22 एप्रिल 2025 पासून 10 लाख रुपयांपेक्षा महाग हँडबॅग विकणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा कर, गोळा करावा लागतो. त्याच यादीत घड्याळ, गॉगल, बूट, याट, हेलिकॉप्टर आणि शर्यतीचा किंवा पोलोचा घोडाही आहे. माळेगावात घोड्यांचे भाव लाखांत बोलले जातात, तेव्हा ही यादी आपल्याला अगदीच परकी नाही.

घरातली स्वतःची एखादी पर्स विकली तर जीएसटीचा प्रश्न येत नाही. धंदा म्हणून जुना माल घेऊन विकणाऱ्याला मात्र जीएसटी आहे, आणि खरेदीवरच्या कराची वजावट घेतलेली नसेल तर तो फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर भरायची सोय आहे. अंगावर वापरायच्या वस्तू आयकराच्या हिशेबात भांडवली मालमत्ता धरत नाहीत, दागिने धरतात. यातली गंमत अशी की कपड्यावर शिवलेला चांदीचा दागिनाही कायद्याला दागिनाच वाटतो.

मगर किंवा अजगराच्या कातड्याची पर्स असेल तर जपून. अशा मालाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1975 पासून साइट्स कराराचा पहारा आहे आणि आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा. कागद नसतील तर तसली पर्स घेऊही नका, विकूही नका. आणि आजीचा बटवा 100 वर्षांपेक्षा जुना असेल तर 1972 च्याच पुरावस्तू कायद्यानं तो परदेशात पाठवता येत नाही, नात न्यूजर्सीत असली तरी.

सौदा कसा करायचा

विकताना फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी काढा. चारही कोपरे, मूठ, बूड, अस्तर, चेन, आतला छाप. डाग लपवू नका. तो फोटोत दिसला तर गिऱ्हाईक विश्वास ठेवतं, नंतर घरी दिसला तर पर्स परत येते. बिल, खोका, कापडी पिशवी, दुरुस्तीची पावती, जे असेल ते सोबत ठेवा. ‘ताई, फायनल किती?’ असा निरोप येणारच. त्यामुळे खालचा आकडा मनात ठरवून मगच भाव सांगा.

घेताना वास घ्या. कुबट वास अस्तरात मुरला की जाता जात नाही. जुन्या काही पर्समधलं प्लास्टिकचं अस्तर चिकट होतं, बोट फिरवून बघा. रेक्झिनसारख्या कृत्रिम चामड्याची सालपटं निघायला लागली तर ती दुरुस्त होत नाहीत, खरं चामडं दुरुस्त होतं. पैसे एकदम पाठवू नका. समोरची बाई हैदराबादची किंवा पुण्याची असेल तर ओळखीच्या कुणाला तरी पर्स हातात घेऊन बघायला सांगा.

जपणूक सोपी आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, तेव्हा गच्चीलगतच्या कपाटात किंवा गाडीत चामडं ठेवू नये. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घातलं की बुरशी आलीच. धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा तुकडा गुंडाळा, आत कोरे कागद भरा, वर्तमानपत्र नको कारण शाई लागते. मुठीला धरून टांगू नका, बसवून ठेवा. डांबराच्या गोळ्या पर्सला लावू नका, त्यांचा वास चामड्यात मुरून बसतो.

शेवटी एक विनंती

लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं. डाळीला आणि कोथिंबिरीला जर नावगाव मिळू शकतं, तर तांड्यावरच्या भरतकामालाही ते मिळावं म्हणून नांदेड-लातूरच्या लोकप्रतिनिधींनी आणि महाविद्यालयांनी जोर लावला पाहिजे. तोवर तुमच्या घरी, ओळखीत, शेजारच्या तांड्यावर अशी जुनी पिशवी असेल तर ती फेरीवाल्याला देऊ नका. तिचा फोटो काढा. सुती पट्टीवर शिवणारीचं पूर्ण नाव, तांडा, तालुका आणि अंदाजे साल लिहा आणि ती पट्टी आतून टाचून ठेवा. शिवणारी हयात असेल तर तिच्याकडून विचारून घ्या, कोणता टाका कुणाकडून शिकली तेही लिहा. मग विकायचीच असेल तर दोन-तीन ठिकाणी भाव विचारून विका आणि पैसे तिच्या हातात द्या.